इंधनाची टाकी आणि मालकाचे स्वयंप्रमाणन

ज्या वस्तूवाचून शेतीचे काम एक दिवसही चालत नाही, तिच्या साठवणीकडे मात्र आपले लक्ष फारसे जात नाही. बियाण्याची कोठी आपण उंदरांपासून राखतो, कडब्याची गंजी आगीपासून राखतो. परंतु ट्रॅक्टर, मळणीयंत्र व पाण्याचे इंजिन ज्यावर चालते त्या डिझेलचा ड्रम गोठ्याच्या कडेला, विहिरीच्या थारोळ्याजवळ अथवा धुऱ्यावर उघड्यावर पडलेला असतो. तो गळतो किंवा नाही याची चौकशी बहुधा इंधन कमी भरले म्हणजेच होते. आणि तेव्हाही संशय प्रथम गड्यावर जातो, ड्रमच्या बुडावर जात नाही.

या लेखात दोन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. पहिली, इंधन गळल्याने आपल्या दर्यापूर भागातील जमीन व पाणी यांचे नेमके काय नुकसान होते. दुसरी, कायद्याने घालून दिलेले नियम आपण पाळतो किंवा नाही हे सरकारी निरीक्षकाची वाट न पाहता मालकाने स्वतः तपासून, स्वतःच्या सहीने लिहून देण्याची जी पद्धत आहे, ती आपल्या सभासदांस कशी उपयोगी पडेल. या पद्धतीस स्वयंप्रमाणन म्हणतात.

आपल्या जमिनीचा विशेष

दर्यापूर तालुका पूर्णेच्या खोऱ्यात मोडतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणारा जो खारपाणपट्टा, त्यातच आपली बहुतेक गावे आहेत. भूमिगत पाणी खारे असल्यामुळे गोड पाण्याची विहीर ही येथे भाग्याची गोष्ट समजली जाते. पावसाचे पाणी शेततळ्यात अडवावे, नाल्याकाठी एखादी बरी विहीर असेल ती जपावी, आणि पिण्यासाठी शहानूर धरणाच्या नळाच्या पाण्यावर विसंबावे, अशी आपली स्थिती आहे. “पाणी खारेच आहे, मग त्यात तेल मिसळले तर बिघडते काय?” असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर असे, की जेथे चांगले पाणी मुबलक आहे तेथे एक विहीर नासली तर दुसरी मिळते. येथे ती मिळत नाही. गोड पाणी जितके थोडे, तितकी त्याची राखण अधिक.

दुसरी गोष्ट काळ्या जमिनीची. ही जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते. चैत्र-वैशाखात तिला पडणाऱ्या भेगा किती खोल जातात हे कोणत्याही शेतकऱ्यास सांगावयास नको. या फुगण्या-आक्रसण्याचे दोन परिणाम होतात. जमिनीत पुरलेली टाकी व तिला जोडलेल्या नळ्या वर्षानुवर्षे ओढल्या-दाबल्या जातात आणि सांधे सैल होतात. शिवाय ओली काळी माती एरवी पाणी खाली जाऊ देत नाही अशी जी आपली समजूत आहे, ती उन्हाळ्यात खोटी ठरते. भेगेत सांडलेले डिझेल थेट खालच्या थरास जाऊन पोहोचते.

तिसरी गोष्ट क्षारांची. क्षारयुक्त ओल्या मातीत लोखंड फार लवकर गंजते. म्हणून खारपाणपट्ट्यात साधा लोखंडी ड्रम जमिनीला टेकवून ठेवणे अथवा रंगलेप नसलेली टाकी पुरणे, हे मुरमाड जमिनीपेक्षा अधिक धोक्याचे आहे.

थेंबांचा हिशेब

नळाच्या तोटीतून दर सेकंदास डिझेलचा एक थेंब पडतो असे धरा. 40 थेंबांचा 1 मिलिलिटर मानल्यास दिवसाच्या 86,400 थेंबांचे 2 लिटरांहून अधिक डिझेल होते. महिन्याचे 60 लिटरांहून अधिक. एवढ्या इंधनात ट्रॅक्टरचे कित्येक तासांचे काम होते. म्हणजे पर्यावरणाची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली तरी केवळ पदराच्या पैशाकरिता ही तोटी दुरुस्त केली पाहिजे.

आता पाण्याचा हिशेब पाहा. पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचा द्रव असतो. तो कर्करोगास कारण होतो हे सिद्ध झालेले आहे. भारतीय मानकाप्रमाणे पेट्रोलमध्ये तो आकारमानाने 1 टक्क्यापर्यंत चालतो. आणि जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा दर लिटरास 0.01 मिलिग्रॅम इतकी ठेवलेली आहे. 1 लिटर पेट्रोलमध्ये 10 मिलिलिटर, म्हणजे वजनाने सुमारे 8.8 ग्रॅम बेंझीन असू शकते. भागाकार केला तर सुमारे 8 लाख 80 हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत आणण्यास ते पुरेसे आहे. 6 मीटर व्यासाच्या विहिरीत 5 मीटर पाणी असेल तर ते सुमारे 1 लाख 41 हजार लिटर भरते. अर्थात एका लिटरातील विष अशा सहा विहिरींस पुरे. सांडलेले सगळेच पेट्रोल विहिरीत जात नाही, पुष्कळसे उडून जाते, हे खरे; तथापि प्रमाण केवढे विषम आहे हे यावरून ध्यानात यावे. डिझेलमध्ये बेंझीन फारच थोडे असते; परंतु ते लवकर उडून जात नाही, जमिनीत टिकून राहते, आणि त्याचा वास व तवंग यांमुळे पाणी गुरेदेखील पीत नाहीत.

नळाच्या पाण्यावर विसंबणारांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आजकाल गावोगाव प्लॅस्टिकचे नळ पुरलेले आहेत. पेट्रोलने भिजलेल्या मातीतून असा नळ गेला असेल, तर नळ फुटलेला नसतानाही पेट्रोलचे अंश त्याच्या भिंतीतून आत झिरपू शकतात.

जमिनीचे म्हणाल, तर डिझेलने भिजलेली माती पाणी धरीत नाही व तीत बी नीट उगवत नाही. वरच्या थरात हवा, ओल व नत्र मिळाल्यास मातीतील सूक्ष्म जंतू हे तेल हळूहळू कुजवतात; परंतु ते खोल गेले म्हणजे तेथे हवा पोहोचत नाही आणि तोच डाग अनेक वर्षे राहतो. म्हणून सांडल्याबरोबर केलेली एका तासाची खटपट मागाहून केलेल्या वर्षभराच्या खटपटीहून अधिक मोलाची आहे.

कायदा काय सांगतो

आपल्या देशात इंधनाच्या साठ्याविषयीचा मूळ कायदा 1934 चा पेट्रोलियम अधिनियम हा होय. त्याखालील चालू नियम 2002 चे आहेत. तेल किती उष्णतेवर पेट घेण्याजोगी वाफ देते यावरून कायद्याने तीन वर्ग केले आहेत. 23 अंश सेल्सियसच्या खाली अशी वाफ देणारे ते ‘अ’ वर्गाचे. पेट्रोल यात येते. 23 ते 65 अंशांच्या मधले ते ‘ब’ वर्गाचे. डिझेल व रॉकेल यात येतात. 65 ते 93 अंशांच्या मधले ते ‘क’ वर्गाचे.

शेतकऱ्यास मुख्यतः दोन मर्यादा माहीत असल्या म्हणजे पुरे. ‘ब’ वर्गाचे तेल एका ठिकाणी एकंदर 2,500 लिटरांपर्यंत, आणि त्यातील कोणतेही भांडे 1,000 लिटरांहून मोठे नसेल तर, परवान्यावाचून ठेवता येते. पेट्रोल विक्रीसाठी नसेल तर 30 लिटरांपर्यंत परवाना लागत नाही. परंतु ते घट्ट झाकणाच्या भांड्यात असले पाहिजे, आणि ते भांडे धातूचे असल्यास 25 लिटरांहून व काचेचे अथवा चिनी मातीचे असल्यास 1 लिटराहून मोठे असता कामा नये. पातळ प्लॅस्टिकच्या डब्यात अथवा पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवण्याची जी चाल पडली आहे, ती यात कोठेच बसत नाही.

याहून मोठा साठा ठेवणे झाल्यास, किंवा एखाद्या सहकारी संस्थेने पंप चालविल्यास, परवाना घ्यावा लागतो. पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटना या केंद्रीय खात्याकडे हे काम असून तिचे मुख्यालय आपल्या विदर्भातच, नागपूर येथे आहे. पाणी नासविण्याविषयी 1974 चा जलप्रदूषण कायदा व भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर झालेला 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा हे वेगळे लागू आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये नव्या पेट्रोल पंपांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत शाळा, दवाखाने व वस्ती यांपासून राखावयाचे अंतर, टाक्यांची गळती ओळखण्याची व्यवस्था वगैरे बाबी आहेत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. परवाना लागत नाही याचा अर्थ जबाबदारी लागत नाही असा नव्हे. 200 लिटरांचा ड्रम ठेवणारास कोणी निरीक्षक विचारावयास येणार नाही. पण त्याच्या ड्रममधून शेजाऱ्याची विहीर नासली तर कायदा त्याच्या दाराशी येईल. आणि निरीक्षक येत नाही म्हणूनच येथे स्वयंप्रमाणनाचे महत्त्व आहे.

स्वयंप्रमाणन म्हणजे काय

शब्द नवा वाटला तरी वस्तू आपणांस नवी नाही. 2021 पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकांची नोंद करीत असे. आता शेतकरी आपल्या शेतात उभा राहून आपल्या पिकाची नोंद आपणच करतो, आणि महसूल खात्याचा माणूस त्यांपैकी काही नोंदी पडताळून पाहतो. हेच स्वयंप्रमाणन होय. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानेही, ज्या उद्योगांचे उत्पादन व प्रदूषणाचा भार वाढलेला नाही, त्यांच्या संमतीपत्राचे नूतनीकरण मालकाच्या स्वयंप्रमाणनावर करण्याची सोय काढली.

इंधन-टाक्यांच्या बाबतीत या पद्धतीचा उगम अमेरिकेत सापडतो. तेथे जमिनीत पुरलेल्या साध्या लोखंडी टाक्या गंजून भूजल नासू लागले, तेव्हा 1984 मध्ये कायदा झाला व 1988 मध्ये नियम निघाले. जुन्या टाक्या सुधारण्यास अथवा काढून टाकण्यास 1998 च्या अखेरपर्यंत दहा वर्षांची मुदत होती. आजवर त्या देशात 5 लाखांहून अधिक टाक्यांची गळती नोंदली गेली आहे. टाक्या लाखोंनी आणि निरीक्षक मोजके, तेव्हा प्रत्येक ठिकाणी वारंवार जाणे अशक्यच होते. त्याच सुमारास, 1990 नंतरच्या दशकात, मॅसॅच्युसेट्स संस्थानाने कपडे धुणारे, छापखानेवाले व छायाचित्रे धुणारे अशा लहान व्यावसायिकांसाठी एक योजना आखली. पुढे र्‍होड आयलंडसारख्या संस्थानांनी ती जमिनीखालील इंधन-टाक्यांस लावली.

त्या योजनेची अंगे नीट पाहण्यासारखी आहेत. पहिले अंग, सोप्या भाषेतील पुस्तिका. कायद्याची कलमे न देता “हे करा, हे करू नका” असे सांगणारी. दुसरे, प्रश्नपत्रिका, तीत प्रत्येक नियमापुढे मालकाने होय किंवा नाही लिहून शेवटी जबाबदारीची सही करावयाची. तिसरे, ज्या प्रश्नास उत्तर ‘नाही’ आले त्यासाठी वेगळा कागद. दोष कोणता, तो कसा काढणार व कोणत्या तारखेपर्यंत. चौथे, निरीक्षकांनी यादीतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही ठिकाणे निवडून अचानक तपासणे, आणि लिहिलेले व दिसलेले जुळते काय हे पाहणे.

यांतील तिसरे व चौथे अंग हे या पद्धतीचे प्राण होत. ‘नाही’ असे खरे लिहिणारास लगेच दंड केला, तर पुढच्या वर्षी सगळेच ‘होय’ लिहितील. उलट, खोटे ‘होय’ लिहिणारास कधीच कोणी तपासले नाही, तर प्रामाणिक माणूस मूर्ख ठरेल. खऱ्या ‘नाही’ला मुदत आणि खोट्या ‘होय’ला शासन, हा तोल राहिला तरच सहीला किंमत राहते, नाही तर ते कागद रद्दीत जमा होतात.

साठ्याची वही

प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी मालकाजवळ आधार पाहिजे. तो आधार म्हणजे साठ्याची वही. तीत चार रकाने आखावेत: आरंभीचा साठा, आत आलेले, खर्च झालेले, आणि काठी बुडवून प्रत्यक्ष मोजलेले. उदाहरणार्थ, सोमवारी 640 लिटर होते; आठवड्यात 200 लिटर आणले; 315 लिटर खर्च झाले. तर 525 लिटर राहिले पाहिजेत. काठीने 519 भरले, म्हणजे 6 लिटरांची तूट.

या एका तुटीवरून गळतीचा निर्णय करू नये. मोजण्यात थोडी चूक होतेच. परंतु मोजण्यातील चूक कधी तुटीची असते तर कधी वाढीची. गळती मात्र नेहमी तुटीचीच असते. चार-पाच आठवडे लागोपाठ तूटच दिसली, तर ती चूक नव्हे असे समजावे.

उष्णतेचाही हिशेब धरला पाहिजे. डिझेल 1 अंश सेल्सियसने थंड झाले म्हणजे हजार लिटरांमागे सुमारे 0.83 लिटर आकसते. आपल्याकडे उन्हात तापलेले 40 अंशांचे 800 लिटर डिझेल थंडीच्या रात्री 20 अंशांवर आले, तर काठीवर सुमारे 13 लिटर कमी दिसतील. ते कोठेही गेलेले नसतात. म्हणून मोजणी नेहमी एकाच वेळी, शक्यतो सकाळी, करावी. मात्र “उडून गेले असेल” ही सबब डिझेलच्या बाबतीत चालत नाही; पेट्रोल उडते, डिझेल झाकलेल्या ड्रममधून नगण्यच उडते.

टाकीच्या बुडाशी पाणी साचते किंवा नाही हेही पाहावे. पाणी लागल्याबरोबर रंग बदलणारा लेप काठीच्या टोकास लावण्याची युक्ती पंपांवर प्रचलित आहे. पाणी इंधनाहून जड असल्याने ते तळाशी बसते, आणि तेथूनच पत्रा आतून गंजू लागतो. पुरलेल्या टाकीत पावसाळ्यात पाणी वाढत गेले, तर ज्या वाटेने पाणी आत येते त्याच वाटेने उन्हाळ्यात इंधन बाहेर जाईल, हे निश्चित समजावे.

सभासदाने भरावयाचा तक्ता

खालील तक्ता वर्षातून दोनदा, मृगापूर्वी व दिवाळीनंतर, भरावा. प्रत्येक प्रश्नापुढे होय किंवा नाही असे स्पष्ट लिहावे.

1. डिझेलचा एकंदर साठा 2,500 लिटरांच्या आत व प्रत्येक भांडे 1,000 लिटरांच्या आत आहे काय? नसल्यास परवाना आहे काय?
2. पेट्रोल 30 लिटरांच्या आत असून कायद्यात सांगितलेल्या भांड्यातच आहे काय?
3. ड्रम जमिनीला न टेकता घडवंचीवर अथवा चौथऱ्यावर आहे काय, व त्याचे बूड खाली वाकून पाहता येते काय?
4. भोवती पक्का कठडा आहे काय, व सर्वांत मोठे भांडे फुटले तरी सगळे इंधन त्यात मावेल काय? (घडवंचीवरील 1,000 लिटरांच्या टाकीस 2 मीटर लांब, 2 मीटर रुंद व 30 सेंटिमीटर उंच कठड्यात 1,200 लिटर मावतात.)
5. वर छप्पर आहे काय, म्हणजे पावसाचे पाणी कठड्यात साचणार नाही?
6. विहीर, शेततळे, नाला व पिण्याच्या पाण्याचा नळ यांपासून साठा दूर व उताराच्या बाजूस आहे काय?
7. तोटी, नळी व सांधे कोरडे आहेत काय? हाताने पुसून पाहिले काय?
8. पत्र्यास गंज, फुगवटा अथवा ओला डाग नाही ना?
9. चूल, कडबा, कापूस व विजेची उघडी तार यांपासून साठा अलग आहे काय?
10. कोरडी माती अथवा लाकडाचा भुसा भरलेली बादली व आग विझविण्याचे साधन जवळ आहे काय?
11. साठ्याची वही चालू आहे काय, व मागील महिन्यात सतत तूट दिसलेली नाही ना?
12. इंजिनातून काढलेले जुने तेल वेगळ्या डब्यात साठवून तेल घेणाऱ्या अधिकृत माणसास दिले जाते काय? ते धुऱ्यावर अथवा नाल्यात ओतले जात नाही ना?

शेवटी, “वरील उत्तरे मी स्वतः पाहून लिहिली आहेत” असे लिहून तारीख व सही करावी; आणि जेथे दोष आढळला तेथे दुरुस्तीची तारीख लिहावी. गड्याकडून भरून घेऊन मालकाने न पाहता सही करणे म्हणजे तक्ता न भरण्यासारखेच आहे.

गळती आढळल्यास

प्रथम विस्तव, विडी व इंजिने दूर करावीत. गळणारे भांडे रिकामे करून उरलेले इंधन चांगल्या भांड्यात घ्यावे. सांडलेल्यावर पाणी ओतू नये. पाणी त्यास पसरविते व भेगांतून खाली नेते. भुसा अथवा कोरडी माती टाकून ते टिपून घ्यावे. भिजलेली माती खणून प्लॅस्टिकच्या कापडावर, छपराखाली ठेवावी. ती उकिरड्यावर टाकू नये व पेटवूही नये. जवळच्या विहिरीचे पाणी माणसांस व गुरांस देणे थांबवून शेजाऱ्यांस त्याच दिवशी सांगावे. गळती मोठी असल्यास अथवा पाण्यास लागल्यास अग्निशमन दल व प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अमरावती येथील कार्यालय यांस कळवावे. लपविल्याने गळती थांबत नाही. ती शेजाऱ्याच्या विहिरीत जाऊन उघडी होते.

संघाचे कर्तव्य

एकट्याने भरलेला तक्ता हा आरसा आहे. परंतु आरशात माणूस आपल्या सोयीचेच पाहतो. म्हणून गावोगावच्या सभासदांनी एकमेकांचे साठे पाहावेत. सेंद्रिय शेतीच्या सहभाग हमी पद्धतीत शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेते पाहूनच प्रमाणित करतात. त्याच धर्तीवर हे काम होण्यासारखे आहे. भरलेले तक्ते संघाकडे जमा व्हावेत, त्यांतून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून काही निवडावेत, आणि दुसऱ्या गावच्या दोघा सभासदांनी जाऊन पडताळावेत. किती उत्तरे जुळली व कोणता दोष सर्वांत अधिक आढळला, एवढेच नावांवाचून मासिकात छापावे. दोन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवले म्हणजे सुधारणा होत आहे किंवा केवळ कागद भरले जात आहेत, हे आपोआप दिसेल.

गाडगे महाराजांचे जन्मगाव शेंडगाव आपल्याच भागातले. गावात येताच ते आधी खराटा घेऊन गाव झाडीत व मग कीर्तनास उभे राहत. सरकारचा झाडूवाला येईल तेव्हा येईल, आपले अंगण आपण झाडावे, हा त्यांचा धडा या विषयासही तंतोतंत लागू पडतो. येत्या मृगापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या ड्रमखाली एकदा वाकून पाहावे, वरील तक्ता भरावा, आणि जेथे ‘नाही’ लिहावे लागेल तेथे निर्भयपणे ‘नाही’ लिहावे, अशी सूचना आहे. दुरुस्तीस आरंभ त्या ‘नाही’पासूनच होतो.